भागीचं हिरवं लुगडं

शनिवारी सकाळी पेपरात संध्याकाळच्या मराठी पिक्चरचं नाव वाचलं आणि सहदेवने चहाचा कप बशीत न ठेवता थेट पेपरवर ठेवला. मग कप उचलून ओल्या गोलाच्या आतलं नाव त्याने पुन्हा वाचलं. चूक नव्हती. अठ्ठावीस वर्षांनी भागी परत येत होती, आणि तीही नेमकी आज, ज्या दिवशी संध्याकाळी साडेआठला कांजूरमार्गचे व्याही त्याच्या लेकीला, सुलूला, न्यायला येणार होते.

"अगं ए, ऐकलंस का? भागीचा पिक्चर! आज! टीव्हीवर!"

रुक्मिणी कणीक मळत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने हा पिक्चर शंभर वेळा ऐकला होता, पाहिला एकदाही नव्हता. "बरं झालं," ती म्हणाली. "आता तरी तिचं तोंड दिसेल."

पिक्चरला चांगलं भारदस्त नाव होतं, पण लालबागच्या चाळीत ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही. सत्तावन सालच्या सत्यनारायणाला पटांगणात पांढरी चादर ताणून तो दाखवला, तेव्हापासून तो भागीचा पिक्चर. पुढे चाळीतली माणसं बोरिवलीला, मुलुंडला, दहिसरला पांगली, तरी भागी त्यांच्याबरोबर गेली. कुणाची लेक माहेरी येऊन बसली की हमखास कुणीतरी म्हणायचं, भागीकडे बघ. एवढं सोसून शेवटी उंबरा ओलांडून आत गेलीच ना? सासूने हिरवं लुगडं नेसवून ओटी भरली, तिने देवापुढे समई लावली, आणि अख्खी चाळ रडली.

आणि हा शेवट सहदेवइतका सुंदर कुणीही सांगत नसे. मशीनच त्याने चालवलं होतं. दिवसा गिरणीत वायरमनचं काम आणि संध्याकाळी पिक्चर भाड्याने देणाऱ्या एका दुकानात ऑपरेटर, असे त्याचे दोन अवतार होते तेव्हा. गिरणी संपाने गेली, दुकान कधीच गेलं, पण भागीचा शेवट त्याच्याकडेच राहिला होता.

आतल्या खोलीत सुलक्षणा केस विंचरत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. पंधरा दिवस झाले तिला इथे येऊन. कांदिवलीच्या औषध कंपनीत प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. नुकतीच बढती मिळाली होती, हाताखाली चार माणसं आली होती, आणि दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी बोलावून विचारलं, "तुम्ही राजीनामा का दिलात?" कागदावर तिची सही होती आणि ती तिने केलेली नव्हती. अक्षर चंद्रप्रकाशचं होतं, तिच्या नवऱ्याचं. साहेबांनी कागद फाडून टाकला. घरी जाऊन तिने विचारलं तर सासू म्हणाली, "मीच लिहायला सांगितलं. बायकोने चार पुरुषांवर हुकूम चालवायचा, हे आमच्या घरात बसत नाही." चंद्रप्रकाश खाली बसून बुटाला पॉलिश करत होता. त्याने मान वर केली नाही. दोन्ही बूट लखलखीत होईपर्यंत तो तेच करत राहिला, आणि सुलूने तेवढ्या वेळात बॅग भरली.

बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं होतं. डोक्यावरून हात फिरवला होता. आणि परवा शेजारच्यांच्या फोनवरून व्याह्यांना शब्द देऊन टाकला होता, की या शनिवारी, घेऊन जा.

*

चार वाजता मुलुंडहून सहदेवची बहीण शेवंती आली. ती येणार हे आधीच ठरलं होतं, कारण सुलूला समजवायचं काम तिच्याकडे होतं. पण जिन्यातच कुणीतरी तिला पिक्चरचं सांगितलं आणि ती दोन मजले अशी चढली की पन्नाशीला आलेली बाई कुणी म्हणणार नाही.

"दादा, खरं की काय रे? आपली भागी?"

"पेपर बघ ना!"

"अगोबाई, वहिनी, माझ्या अंगावर काटा आलाय बघ!" तिने रुक्मिणीला हात दाखवला आणि सुलूला हाक मारली. "चल गं, चटई टाक. पुढची जागा माझी."

"आत्या, तू मला समजवायला आलीस की पिक्चर बघायला?"

"दोन्ही. एका तिकिटात."

"रडका असणार."

"रडका नाही गं, रडवणारा. बघ तू. मी काही बोलत नाही, भागीच बोलेल तुझ्याशी."

शेजारच्या बिल्डिंगमधून लवू आला तो स्वतःची पट्ट्यांची घडीची खुर्ची घेऊनच. तो चाळीतला सहदेवचा जुना मित्र. चाळ सोडून वीस वर्षं होत आली तरी त्याने मालवणी सोडली नव्हती. "माका सगळा आठवता," तो खुर्ची उघडत म्हणाला. "ता हिरवागार लुगडा, जरीचो काठ! असो रंग आता मिळणा नाय."

"काका, पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे ना?" सुलूने विचारलं.

लवूने खुर्ची पुढे ओढली. "असात. पण लुगडा हिरवा होता," तो म्हणाला, आणि विषय संपवून बसला.

सहदेवने टीव्हीच्या लाकडी खोक्याचं सरकतं दार उघडलं, बटण दाबलं, आणि चित्र येईपर्यंत सगळे त्या काळ्या काचेकडे असे बघत राहिले की जणू कुणी देव्हारा उघडतंय.

*

सुलू मांडीवर मासिक घेऊन बसली होती. आपण हे बघत नाही, इथे नुसते बसलोय, हे सगळ्यांना कळावं एवढ्यासाठी. दहा मिनिटांत मासिक खाली गेलं आणि कुणीतरी त्यावर शेंगांची टरफलं टाकायला लागलं, तरी तिला पत्ता नव्हता.

भागी एका शाळामास्तरची बायको. लहानसं गाव, लहानसं घर, सासू, नवरा. भागीच्या नावावर कुणाचं तरी पत्र येतं. ते तिच्या जुन्या शिक्षिकेचं असतं, शाळेत शिकवायला ये म्हणून, पण सासू ते अर्धवट ऐकते आणि आळ घेते. कंदिलाच्या उजेडात सासू बोलत राहते. भागी नवऱ्याकडे बघते. त्याला सगळं ठाऊक असतं, त्याने पत्र वाचलेलं असतं. आणि तो खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत बसतो. संगीत नाही, रडारड नाही. फक्त पेन्सिलीवर चाकू खरवडल्याचा आवाज. टोक होतं, तो ते बघतो, आणि होता होता चांगलं झालेलं टोक पुन्हा तासायला लागतो.

सुलू पुढे सरकून बसली. हा माणूस तिने पाहिला होता. त्याच्या हातात पेन्सिल नव्हती एवढंच.

"बोल ना मेल्या," रुक्मिणी टीव्हीला म्हणाली. आयुष्यात तिने कुणालाही मेल्या म्हटलेलं सुलूने ऐकलं नव्हतं.

भागी घर सोडते. दुसऱ्या गावात जाऊन मुलं शिकवायला लागते. सात वर्षं जातात. शाळेच्या भिंती ती स्वतः सारवते, आणि मागच्या बाजूला भोपळ्याचा वेल वाढत वाढत छपरावर जातो. सात वर्षं गेली हे त्या वेलावरूनच कळतं, कुणी येऊन सांगत नाही. मग एक दिवस मास्तरचा निरोप येतो, मी आजारी आहे, ये. आणि नेमका तिथेच पिक्चर थांबला आणि बातम्या लागल्या.

खोलीत सगळे एकदम बोलायला लागले.

"काय ती पेन्सिल!" सुलू उभीच राहिली होती. "एक शब्द नाही, बाबा, आणि सगळं कळलं! आत्ताच्या पिक्चरमध्ये असता तर पानभर डायलॉग मारला असता त्याने."

"आताच्या पिक्चरात पयल्या दहा मिन्टात कळता कोण कोणाक मारतलो," लवू म्हणाला. "मगे तीन तास आपण तो मारीपर्यंत वाट बघूची."

"आणि कंदील बघितलास?" सहदेवचा चेहरा फुलला होता. "एका कंदिलावर अख्खा सीन काढलाय! सासूच्या तोंडावर उजेड, भागी अर्धी अंधारात. आमच्या चादरीवर तेव्हा हे एवढं दिसलंच नव्हतं. झकास काम आहे, झकास!"

"सासू वाईट नाहीये, हे किती भारी आहे," सुलू म्हणाली. "तिला खरंच वाटतंय की ती घर वाचवतेय."

"तेव्हा आम्हाला ती नुसती कैदाशीण वाटली होती," शेवंती म्हणाली. "मी तिला बसल्या जागी शिव्या दिल्या होत्या. आज तिचे हात बघितले मी. बोलताना थरथरत होते तिचे हात. तेव्हा का नाही दिसले कुणास ठाऊक. आता मी तिच्या वयाची झाले, म्हणून असेल."

"पिक्चर तोच ना गो?"

"पिक्चर तोच रे. बघणारी बदलली."

रुक्मिणी चहाचे कप गोळा करत होती. कुणाकडे न बघता ती म्हणाली, "मला एक कळत नाही. सात वर्षं जी बाई एकटीने शाळा चालवते, ती परत आत कशाला जाईल?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. रुक्मिणीला मत असतं, हीच त्या घरात नवी बातमी होती.

"बघ तू पुढे," सहदेव म्हणाला.

"नाही, बाबा, पण खरंच," सुलू म्हणाली. "ती नक्की का जाते? मास्तर माफी मागतो का? काय बोलतो?"

"बघ की आता."

"सांगा ना! नेहमी तर न विचारता सांगता."

"आत्ता लागेल ना पुढचं! बघ!" सहदेव जरा जोरातच बोलला आणि अँटेनाची वायर चाचपत टीव्हीमागे गेला.

शेवंतीने ते टिपलं. भागीचा शेवट सांगायला दादाने नाही म्हटलं, असं तिच्या आठवणीत कधी घडलं नव्हतं.

*

टीव्हीमागे वायर ठीकच होती. सहदेव तिथे जाऊन उगाच वाकून उभा होता, कारण त्याला घाम फुटला होता.

सकाळपासून तो पोरासारखा नाचत होता. भागी येणार, भागी येणार. आणि आता बायकोने एक साधा प्रश्न विचारला आणि तो टीव्हीमागे पळाला. कारण जी गोष्ट तो अठ्ठावीस वर्षं सांगत होता तिचा शेवट त्यालाही ठाऊक नव्हता.

त्या रात्री पिक्चर चार रिळांत आला होता, चौथं अगदी छोटं. प्रिंट दुकानात आलीच दुपारी, आधी बघायला वेळ मिळाला नव्हता. तिसरं रीळ संपलं तेव्हा भागी सासरच्या दाराशी उभी होती, सासूने दार उघडलं होतं, आणि भागीचं पाऊल उंबऱ्याजवळ होतं. तेवढ्यात मशीनचा दिवा उडाला. जादा दिवा बरोबर न्यायचा हा ऑपरेटरचा पहिला नियम, आणि सहदेव तो दुकानात विसरून आला होता. चारशे माणसं अंधारात बसलेली. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "शेवट सांग रे!" आणि सव्वीस वर्षांचा सहदेव पाण्याच्या पिंपावर चढला.

त्याने सांगितलं. भागी आत गेली. सासूने हिरवं लुगडं आणलं. ओटी भरली. समई. तो सांगत गेला तसं त्याला दिसत गेलं, आणि त्याला दिसलं तसं चाळीला दिसलं. पटांगण रडलं. दुसऱ्या दिवशी लोक येऊन म्हणाले, काय पिक्चर होता, आणि सहदेवने फोड करून सांगितलं नाही. मग सांगायला उशीर झाला. मग खुद्द त्यालाही वाटायला लागलं की आपण ते पाहिलंय.

पण त्यातली एक गोष्ट तो कधीच विसरला नव्हता. पहिल्या रांगेत शेवंती बसली होती. लग्नाआधी ती नर्सिंग शिकत होती, आठ महिने राहिले होते. सासरच्यांनी शिक्षण बंद केलं म्हणून ती माहेरी आली होती, दोन महिने झाले होते, आणि पांढरा गणवेश शिवून खुंटीला टांगलेला होता. सहदेव थोरला भाऊ. तिला परत पाठवायचं कसं, हा घोर त्यालाच होता. पिंपावर उभा राहून त्याने चारशे माणसांना गोष्ट सांगितली खरी, पण बघत होता तो शेवंतीकडे.

तिसऱ्या दिवशी शेवंती सासरी गेली. कुणी काही न बोलता, आपणहून. गणवेश खुंटीलाच राहिला.

बातम्या संपल्या. "दादा, ये लवकर, लागला!" शेवंतीने हाक मारली.

*

भागी बैलगाडीतून उतरली. गल्लीतून चालत आली. दाराशी उभी राहिली. सासूने दार उघडलं. सासू आता म्हातारी झाली होती, कडीवर ठेवलेला तिचा हात कडीलाच धरून राहिला. आत बाजेवर मास्तर. भागीचं पाऊल उंबऱ्याजवळ आलं.

"आता!" लवू म्हणाला. "आता बघा!"

आणि चित्र गेलं. आडव्या रेघा, खरखर, आणि रेघांच्या मागे कुठेतरी भागी.

"अरे देवा! वाट लागली!"

सगळ्यांच्या आधी सहदेव उठला. त्याने टीव्हीच्या बटणावर हात ठेवला. एका क्षणाचं काम होतं. "राहू दे आता," तो म्हणाला. आवाज मात्र त्याचा नव्हता. "व्याही येतील एवढ्यात. बंद करतो. शेवट मी सांगतो ना, मला पाठ आहे."

"हात काढ," शेवंती म्हणाली.

"अगं, पण..."

"दादा, हात काढ आणि खाली बस. लवू, गच्चीवर जा. कावळा बसला असेल अँटेनावर."

लवू खुर्ची लाथाडून पळाला. जिन्यात त्याच्या चपला वाजल्या. मग वरून, गच्चीच्या कठड्यावरून, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा आवाज आला, "इला काय?"

"नाही! अजून!" सुलू खिडकीतून ओरडली.

"आता? आता इला काय?"

"थोडं! तसंच धरा! काका, हलू नका! आला, आला!"

चित्र आलं. सुलू खिडकीतच उभी राहिली. रुक्मिणीच्या हातात फडका होता, तो तसाच राहिला.

भागी उंबऱ्याबाहेरच होती. आत आलेली नव्हती. मास्तर बाजेवरून म्हणत होता, "आलीस ना? आता राहशील ना?" सासू बाजूला झाली, वाट मोकळी केली. कॅमेरा हलला नाही. भागीने हातातली पिशवी उघडली, एक औषधाची बाटली काढली, ती उंबऱ्याच्या आत ठेवली. मग मान वर करून म्हणाली, "मी भेटायला आले होते. राहायला नाही."

कडवटपणा नव्हता तिच्या आवाजात. रागही नव्हता. ती वळली आणि आली त्या गल्लीतून चालत निघाली. संगीत नाही. फक्त तिची पावलं, लहान लहान होत जाणारी पाठ, आणि इकडे उघडंच राहिलेलं दार. म्हाताऱ्या सासूने ते लावलं नाही. ती बघत राहिली, आणि तिच्याबरोबर सगळे बघत राहिले. मग पडद्यावर अक्षरं आली.

"हो!" सुलू ओरडली. तिच्या हातांच्या मुठी वळल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "हो! हो! काय शेवट आहे! आई, तू बरोबर होतीस! आई, तुला कसं कळलं?"

रुक्मिणी लाजली आणि हसली आणि फडक्याने डोळे पुसले, सगळं एकदम. "त्या वेलावरून," ती म्हणाली. "एवढा वेल वाढवून कोण सोडून जातं?"

धापा टाकत लवू आत आला. "काय झाला? नेसली काय हिरवा?"

शेवंती भावाकडे बघत होती.

"दादा. हिरवं लुगडं कुठाय?"

सहदेव खाली बघत होता. आत्ताच पाहिलेला मास्तर त्याच्या डोळ्यांपुढे होता, आणि आपणही मान खाली घालून बसलोय हे त्याला एकदम कळलं. त्याने मान वर केली.

"नव्हतंच," तो म्हणाला. "दिवा उडाला होता. चौथं रीळ मी कधी पाहिलंच नाही, शेवंते. मी पिंपावर चढून बनवून सांगितलं."

"खुळो की काय तू?" लवू म्हणाला. "मी बघितलंय ना माझ्या डोळ्यान!"

"तू ऐकलंस, लवू."

लवूने लाथाडलेली खुर्ची सरळ केली. मग हळूच बसला. "दिवो गेल्लो ता आठवता," तो पुटपुटला. "माका वाटला, मगे परत लागलो."

शेवंतीने डोळे मिटून घेतले होते. तिला ते पटांगण दिसत होतं. जळक्या दिव्याचा वास, अंधार, आणि अंधारात दादाचा आवाज. आवाज अगदी लख्ख आठवत होता. चित्र शोधायला गेली तर सापडेना, कारण चित्र नव्हतंच कधी. तिला मनापासून संताप आला. एवढा, की तो बाहेर येईना.

"मी समोर बसले होते," ती म्हणाली.

"हो. तुझ्याकडेच बघून सांगितलं मी."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. रुक्मिणीने जाऊन तो बंद केला.

"वाईट काही झालं नाही रे माझं," शेवंती म्हणाली. "नवरा चांगला होता. मुलगा चांगला आहे. पण दर वर्षी, दर वर्षी, मी स्वतःला सांगायची, भागी गेली ना, मग आपण गेलो त्यात काय. आणि ती बया गेलीच नव्हती. ती शाळेत मुलं शिकवत होती, आणि मी तिच्या नावाने मुलुंडला पोळ्या लाटत होते." तिने दादाकडे पाहिलं. "आठ महिने राहिले होते, दादा. फक्त आठ."

सहदेवला रडू आवरलं नाही. त्याने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. "चुकलो मी," तो म्हणाला. "शेवंते, चुकलो."

शेवंतीने डोळे पुसले, पदर खोचला, आणि सुलूकडे वळली. "मी तुला समजवायला आले होते ना? विसर. मी एक शब्द सांगत नाही तुला आता."

दारावरची बेल वाजली.

साडेआठ. व्याही वेळेचे पक्के होते. सुलूने आईचा हात धरला. सहदेव उठला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि दाराकडे निघाला. "मी बोलतो," तो म्हणाला. "मी सांगतो त्यांना, व्यवस्थित समजावून. की सुलूची तब्येत जरा, म्हणजे असं सांगतो की..."

"दादा," शेवंती म्हणाली. "या वेळी बघून सांग."

तो कडीवर हात ठेवून थांबला. बेल पुन्हा वाजली. मग तो मागे वळला आणि त्याने मुलीकडे पाहिलं. पंधरा दिवस ती याच घरात होती, आणि त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं होतं. तिला काय हवं, हे मात्र विचारलं नव्हतं.

"काय सांगू, सुलू?"

सुलूने आईचा हात सोडला. "सांगा, मी आज येणार नाही. नोकरी सोडणार नाही. माझी सही का केली ते चंद्रप्रकाशने येऊन मला सांगावं. त्याने. आईने नाही, वडिलांनी नाही. एकट्याने यावं आणि तोंडाने बोलावं. मग पुढचं बघू."

"एवढंच?"

"एवढंच."

सहदेवने दार उघडलं. बाहेर व्याही पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते, एकटेच. तो त्यांना आत या म्हणाला, पाणी दिलं, आणि त्यांच्या समोर उभं राहून बोलायला लागला. अडखळला. दोनदा मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. मध्येच सुलूकडे बघून "बरोबर ना?" असं विचारलं, ती हो म्हणाली, मग पुढे गेला. सुलूने सांगितलं तेवढंच, तसंच, पदरचा एक शब्दही न घालता. आयुष्यात त्याने कुठलीही गोष्ट इतकी वाईट सांगितली नव्हती, आणि शेवंती भिंतीला टेकून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.